आधी आक्काला

हिरवी काच. चादरीच्या चुणीत, नवऱ्याच्या कमरेपाशी, नखाएवढा तुकडा – बांगडीचा. आशानं तो चिमटीत धरून खिडकीच्या उजेडात नेला, जणू उजेडात पाहिल्याशिवाय तो कुणाचा हे कळणारच नव्हतं. तिच्या स्वतःच्या हातात खोट्या सोन्याच्या दोन पाटल्या होत्या. पहाटेपासून कणीक मळणाऱ्या हातांत काच टिकत नाही, म्हणून तिनं बांगड्या भरणं केव्हाच सोडलं होतं. मनगटभर हिरवा चुडा वाजवत सबंध वॉर्डातून फिरणारी बाई एकच होती – तिची नणंद. म्हणजे रात्री त्याला उठवून बसवताना आक्कानं कमरेत हात घातला असणार, तो तिच्यावर रेलला असणार, आणि दोघांच्या मध्ये बांगडी पिचली असणार... एवढं सगळं त्या एका तुकड्यात दिसलं तिला. नको तेव्हा आपले डोळे किती चांगले चालतात, आणि हवे होते तेव्हा – पण तो विचार तिनं तिथंच सोडला आणि तुकडा कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकला.

बद्रीनाथ झोपला होता. सदऱ्याची बटणं उघडी होती. पोटावर मधोमध टाक्यांची रांग, त्यावर पट्टी. आणि पट्टीच्या डावीकडे, बरगड्यांच्या खाली, ते चार डाग. काळपट, कडेला गुलाबी. आता सुकले होते. ऑपरेशनच्या जखमेकडे पाहताना आशाला काही होत नसे, ती डॉक्टरांनी केलेली जखम होती, सगळ्यांदेखत, सह्या घेऊन. डागांकडे पाहिलं की मात्र तिच्या अंगाचा तिळपापड होई. ती नजर दुसरीकडे वळवी आणि पुन्हा तिथंच आणी.

"आलीस व्हय?" नळावरून तोंड धुऊन, पदरानं पुसत आक्का आली. "रातभर बरा व्हता. पहाटं उठून बसला, मग मीच धरून संडासाला नेलं. म्हनला, आक्का, पोट कसं हलकं हलकं लागतंय."

"मला नाही म्हणाले."

"तू कुठं व्हतीस पहाटं?"

आक्काच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तीच तर अडचण होती. दगडाबाई, बद्रीनाथची थोरली बहीण, कन्नडजवळच्या तिच्या गावाहून ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एक पिशवी घेऊन आली ती इथंच राहिली, कॉटखाली सतरंजी टाकून. तुला डबे असत्यात, तू दिवसा ये, रातीचं मी बघते, मला काय, कुठंबी झोप लागती – असं तिनंच सुचवलं होतं, आणि त्यात चूक काढायला जागा नव्हती. आशा बजाजनगरमध्ये कंपनीतल्या एकट्या राहणाऱ्या पोरांचे डबे करायची. नवरा रजेवर, त्यामुळे आता घर त्या डब्यांवरच चाललं होतं. सकाळचे डबे देऊन दुपारच्या आत इथं, संध्याकाळचे करायला परत तिथं. म्हणजे रात्री बहिणीच्या. रात्री माणूस काय काय बोलतो... दिवसा त्याला फक्त पाणी हवं असतं आणि पंखा.

आणि उद्या डिस्चार्ज. आणि उद्या तो कन्नडला जाणार होता, महिनाभर, आक्काकडं. बजाजनगरची खोली तिसऱ्या मजल्यावर, जिना चढवणार कसा, खिडकी उघडली की कंपन्यांचा वास. तिथं अंगण आहे, लिंबाची सावली आहे, दूध घरचं आहे. गावच्या चांदपाशाला जीप घेऊन यायला सांगूनही झालं होतं. हे सगळं बहीण-भावांनी कधीतरी रात्री ठरवलं आणि परवा त्यानं छताकडे पाहत आशाला कळवलं. विचारलं नाही, कळवलं. ती "बरं" म्हणाली. तीस वर्षं होत आली, मी "बरं"च म्हणते आहे.

तो डबा मात्र ती विसरू शकत नव्हती – वर्षभरापूर्वीचा, कंपनीतून परत आलेला त्याचा स्वतःचा डबा, अर्धी भाकरी तशीच, भाजी तशीच. पहिल्यांदा वाटलं, घाई झाली असेल. मग रोजच. घरीसुद्धा दोन घास खाऊन तो ताट सरकवायचा आणि म्हणायचा, पोट भरलं. एवढ्यात? हो, भरलं. सणाला कन्नडला जाऊन आला की आठ दिवस आक्काच्या हातच्या पिठल्याचं कौतुक, आणि इथं अर्धी भाकरी. साऱ्या बजाजनगरातली पोरं माझ्या भाजीला बोटं चाटतात आणि माझ्या नवऱ्याला ती गिळवत नाही! तिनं तिखट कमी केलं, मग वाढवलं. गुलमंडीत माहेरी गेली तेव्हा आईकडून आमटीला लावायचा येसर मसाला आणला. रागाच्या भरात दोन दिवस त्याला वाढलंच नाही, तर त्याला त्याचं काहीच वाटलं नाही, उलट सुटल्यासारखा दिसला. आणि ती आतल्या आत धुमसत राहिली, पिठल्यावर, कन्नडवर, तिथल्या चुलीवर... आता डॉक्टर सांगतात की प्लीहा वाढली की जठर दाबलं जातं, दोन घासांत पोट भरल्यासारखं वाटतं. म्हणजे मी वर्षभर एका आजाराशी भांडत होते आणि त्याला नणंद समजत होते.

पण मग हे दुखणं आक्काला आधी कसं कळलं? आक्कानंही तर ताटच वाढलं होतं.

तिला कळलं नव्हतं. त्यानं सांगितलं होतं. हा काटा होता. पोळ्याला गावी गेला तेव्हा जेवता जेवता हात डाव्या बरगडीखाली नेऊन तो बहिणीला म्हणाला, आक्का, इथं काहीतरी जड लागतंय, दगड ठेवल्यावानी. आक्कानं खरकट्या हातानं नाही, हात धुऊन, पदराला पुसून, त्याला खाटेवर आडवं करून दाबून पाहिलं आणि म्हणाली, पानथरी वाढली. प्लीहेला गावाकडं पानथरीच म्हणत. तिच्या लहानपणी हिवतापानं पानथरी वाढलेली कितीतरी पोरं तिनं पाहिली होती. त्यांना डाग देत, आणि त्यातली जगली वाचली ती डागानंच वाचली असं सारं गाव धरून चालत असे. दुसऱ्या दिवशी सकाळी, अनाशेपोटी, ती भावाला गावात डाग देणाऱ्या पुंजारामकडं घेऊन गेली. त्यानं विळ्याचं टोक लाल केलं. बद्रीनाथनं सदरा वर धरला, आक्कानं त्याचे खांदे धरले. छप्पन वर्षांचा माणूस, कंपनीत क्वालिटी बघणारा, मशिनच्या केसभर चुकीवर माल परत पाठवणारा.

आशा हे दृश्य रोज पाहायची. तिनं ते कधीच पाहिलं नव्हतं, पण रोज पाहायची. त्यातला विळा तिला त्रास द्यायचा नाही, खांद्यावरचे हात द्यायचे.

परत आल्यावर तो भिंतीकडे तोंड करून झोपू लागला. घरातही बनियन काढेना. मग एके दिवशी बनियन धुवायला घेतलं तर आतून पिवळं, चिकट, वास येणारं, आणि तिनं त्याला धरून दिव्याखाली उभं केलं. "आक्कानं पानथरी डागून आणली," तो म्हणाला, पोरानं मार खाताना सांगावं तसा. मला का नाही सांगितलं? "तू लगेच घाबरतीस. दवाखाना, तपासण्या, सतरा भानगडी." मी शेजारी झोपत होते ना? मला का नाही... "तुला काय दिसलं नाही व्हय?" तो म्हणाला. सहज म्हणाला. हे एक वाक्य त्यानं म्हटलं नसतं तर बरं झालं असतं.

तीच त्याला गल्लीतल्या डॉक्टरकडे घेऊन गेली, चिघळलेल्या डागांना पट्टी करायला. पट्टी करता करता त्या डॉक्टरनं पोट दाबलं आणि त्याचे हात थांबले. बेंबीपर्यंत आलीय, म्हणाला. मग शहर, मोठं हॉस्पिटल, आणि रक्तविकाराच्या डॉक्टर राहत मॅडम. जुना मलेरिया नाही, टीबी नाही. रक्तात पांढऱ्या पेशी वेगळ्याच आकाराच्या. कमरेच्या हाडातून सुईनं मगज काढून तपासला, त्यातही नाव पक्कं होईना. शेवटी ठरलं की एवढी मोठी झालेली प्लीहा काढायचीच, म्हणजे त्रासही जाईल आणि तिच्या तुकड्यांवरून नावही कळेल. आधी लसी दिल्या, त्यानंतर पंधरा दिवसांनी ऑपरेशन. आशा रोज नवा शब्द शिकत होती. तेवढ्या दिवसांत तिला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलायचं. तपासण्यांना तीच त्याच्याबरोबर होती, रांगेत तीच उभी होती, डाग सोडले तर सगळं तिचं होतं.

आणि ऑपरेशनच्या दिवशी ती खाली औषधं आणायला गेली. तेवढ्यात ऑपरेशन थिएटरचं दार उघडून कुणीतरी विचारलं, बद्रीनाथ यांचं जवळचं कोण? काढलेला अवयव नातेवाइकाला दाखवायची तिथली पद्धत होती. आक्का उठली. धावत जिना चढून आशा वर पोचली तेव्हा दार बंद झालं होतं आणि आक्का बाकावर बसून दोन्ही हातांनी माप दाखवत होती – "एवढी, आशा, एवढी मोठी. काळी-जांभळी. स्टीलच्या ट्रेमध्ये. आतमंदी काय काय घेऊन फिरत व्हता गं माझा भाऊ!" आणि रडू लागली. आशानं तिच्या पाठीवर हात ठेवला. त्या क्षणी नवरा आत टेबलावर उघडा पडलेला असताना तिच्या मनात काय होतं? दार पुन्हा वाजवावं आणि सांगावं, मलाही दाखवा, मी बायको आहे. लाज वाटून ती औषधांची पिशवी घट्ट धरून उभी राहिली.

आज दुपारी सिस्टर आली. प्लीहेच्या तुकड्यांच्या मुंबईला पाठवलेल्या काचपट्ट्यांचा रिपोर्ट आलाय, मॅडमनं नातेवाइकांना बोलावलंय. आक्का त्याला भरवायला बसली होती, हात खरकटे होते. "थांब, मी बी येते," ती म्हणाली.

"तुम्ही बसा. त्यांचं जेवण अर्ध्यावर नको." आशा एवढ्या झपझप चालत गेली की सिस्टर मागे राहिली.

डॉक्टर राहत तिच्याच वयाच्या असतील, चष्मा कपाळावर सरकवलेला. "सोबत कोणी आहे?"

"मीच आहे ना."

"बसा. पाणी पिणार? – बरं ऐका. कॅन्सर आहे, ते आपल्याला वाटतच होतं. पण हा प्लीहेतच सुरू होणारा लिम्फोमा आहे, आणि शांत आहे. लिम्फोमाचे शंभर पेशंट बघितले तर असे एक-दोन निघतात. मला दुसऱ्याची भीती होती, प्लीहेतल्या रक्तवाहिन्यांचा एक असतो, तो फार बेकार. तो नाही हा. हा हळू चालतो, वर्षानुवर्षं. प्लीहा काढली, त्याचा मोठा अड्डा गेला. हाडाच्या मगजात थोडा आहे, त्यावर लक्ष ठेवू. वाढला तर सलाईनमधून द्यायचं औषध आहे. आत्ता काहीच द्यायचं नाही. घबराओ मत."

आशाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरंखुरं होतं, त्याच्यासाठीच होतं. आणि ते गालावर उतरायच्या आतच तिच्या तोंडून गेलं, "मॅडम, ते डाग दिले होते... त्यामुळं वाढलं का?"

आवाजात काय होतं ते डॉक्टरांनीही ऐकलं असावं. त्यांनी चष्मा खाली डोळ्यांवर घेतला.

"नाही. कातडी जळाली, आत काही झालं नाही. चूकच आहे ती, गावात सगळ्यांना सांगा, असल्या जखमेनं माणूस जातो. पण खरं सांगू? डाग चिघळले नसते तर तुम्ही त्यांना दवाखान्यात आणलं असतं का? पोटाला कुणी हात लावला असता? असेच कामावर जात राहिले असते, आणि एक दिवस कुठंतरी धक्का लागून प्लीहा फुटली असती. नसीब समजा."

नसीब. म्हणजे आक्काची चूकसुद्धा उपयोगाला आली, आणि माझं बरोबर असणं वर्षभर शेजारी झोपून होतं. आशानं पदर तोंडाला लावला. मग शेवटचा धागा धरल्यासारखं विचारलं, "कन्नडला न्यायचं म्हणतात, महिनाभर. एवढ्या लांब... नको ना?"

"का नको? जाऊ द्या की. मोकळी हवा, घरचं जेवण." डॉक्टर थोड्या पुढे झुकल्या. "फक्त एक गोष्ट. ही लक्ष देऊन ऐका. प्लीहा नसली की काही जंतूंशी लढायला शरीरात कुणी उरत नाही. लसी दिल्यात, पण त्यांच्या भरवशावर बसायचं नाही. ताप आला, साधा वाटला, थंडी वाजली, तरी थांबायचं नाही. सकाळी बघू नाही, काढा नाही, ओल्या पट्ट्या नाहीत. तिथल्या तिथं दवाखाना, पहिलं इंजेक्शन, मग सरळ इकडं. अशा पेशंटला सकाळी ताप येतो आणि संध्याकाळी माणूस हातात राहत नाही. हे आयुष्यभर. पेशंट स्वतः म्हणतो, कणकण आहे, जाईल. म्हणून सोबतच्या माणसाला माहीत पाहिजे. जो कुणी त्यांच्याजवळ राहील, त्याला तुम्ही नीट समजावून सांगा. सांगाल ना?"

"सांगीन."

"काय सांगाल?"

आशानं सगळं न चुकता म्हणून दाखवलं. डॉक्टर खूश झाल्या.

व्हरांड्यातून ती काठोकाठ भरलेली कळशी न्यावी तशी जपून चालत आली. मध्येच बाकावर बसली. समोरून माणसं जात होती, कुणाचं सलाईन, कुणाचा एक्स-रे... आणि तिला जाणवलं की या क्षणी जगात त्याच्याबद्दलची एक गोष्ट अशी आहे, सगळ्यात मोठी गोष्ट, की जी त्यालाही माहीत नाही, आक्काला माहीत नाही, फक्त मला. पोळ्याच्या दिवशी त्याच्या बरगडीखालचा हात काढून घेताना आक्काला असंच वाटलं असेल का? म्हणून ती बोलली नाही? म्हणून तिनं मला साधा एक फोन केला नाही? आशाला वाटलं, आपण आक्काला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नीट ओळखलं. आणि ओळखून तिचा राग कमी झाला नाही, फक्त त्याला सोबत मिळाली.

सांगायचं म्हणजे काय होणार? उद्यापासून रोज पहाटे आक्का त्याच्या कपाळाला हात लावणार. त्याला दचकून जाग येणार आणि तिचा हात दिसणार. महिनाभर. आणि नाही सांगितलं तर... अंगणातली खाट, लिंबाखाली तो कुडकुडतोय, आक्का मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवतेय, पुंजारामला बोलावणं धाडतेय, आणि मग रात्री फोन – आशा, लवकर ये – आणि आपण जीपमधून उतरतोय, सगळं गाव बाजूला होऊन वाट देतंय, आणि आपण आक्काला म्हणतोय – काय म्हणतोय? इथपर्यंत ते इतकं स्वच्छ दिसलं की ती बाकावरून उठली. त्या चित्रात खाटेवर कोण होतं, हे तिच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

कॉटवर तो टेकून बसला होता. डबा रिकामा होता, पुसून घेतल्यासारखा. "लई दिवसांनी पोटभर खाल्लं," तो म्हणाला. "वांगी भारी झाली आज." तिच्या हातची वांगी, आक्काच्या हातानं.

"काय म्हनल्या डॉक्टरीनबाई?" आक्का उभी राहिली. तिचा चेहरा आशानं आत्ता कुठं पाहिला. ओठ सुकले होते आणि चुडा हातात असूनही वाजत नव्हता.

आशानं सांगितलं – कॅन्सर आहे, पण हळूबाई आहे, औषधसुद्धा नको आत्ता, तपासण्या करत राहायच्या, वर्षानुवर्षं माणूस जगतो. बद्रीनाथनं डोळे मिटून घेतले आणि मिटल्या डोळ्यांनीच आशाचा हात शोधला. तिनं तो दिला.

आक्कानं आवाज दाबून विचारलं, "माझ्या त्या डागानं तर काय इघडलं नाय ना? इचारलंस का तू? रातभर डोळ्याला डोळा लागत नाय माझ्या. लई पाप केलं, आशा."

म्हणजे तिलाही कुठंबी झोप लागत नव्हती. हे आपल्या हातात होतं, आशाला कळलं, आणि ते द्यायला तिला काहीच जड गेलं नाही. जवळ मोठं काही असलं की लहान सहज देता येतं. "काही नाही बिघडलं," ती म्हणाली. "उलट, त्या डागांमुळंच दवाखान्यात आलो, असं म्हणाल्या. नसीब म्हणाल्या."

आक्का तिच्या गळ्यात पडून रडली. जाडजूड, चुलीच्या धुराचा वास असलेली, उन्हात रापलेली बाई, आशाच्या खांद्यावर पोरीसारखी हुंदके देत होती, आणि आशा तिच्या पाठीवरून हात फिरवत होती, खरोखर मायेनं.

मग आक्कानं नाक पुसलं. "कन्नडला न्यायला हो म्हनल्या का?"

"न्या म्हणाल्या."

"पथ्यपानी काय? काय जपायचं असंल तर सांगून ठिव बाई मला. मी आडानी. पुन्हा माझ्याकडून चूक व्हायला नगं."

बद्रीनाथचा हात तिच्या हातात होता. थंड, कोरडा, बरा. आक्काचे डोळे तिच्या तोंडावर होते. सगळी वाक्यं क्रमानं तयार होती, मघाशी डॉक्टरांपुढं म्हटली तशी, पहिल्या शब्दाचा आवाजसुद्धा घशाशी आला होता.

"पथ्य काही नाही," आशा म्हणाली. "पोटभर खाऊ घाला."

उद्या सांगू. जीपमध्ये बसायच्या आधी नक्की सांगू, चांदपाशादेखत, दोनदा सांगू. आज तर ते हॉस्पिटलातच आहेत, आज काय होतंय? एवढी एक रात्र त्यांची ही एक गोष्ट माझ्यापाशी राहू दे. आणि हे मनाशी म्हणताना तिला इतकं हलकं, इतकं सुखाचं वाटलं, या सबंध वर्षात वाटलं नव्हतं तेवढं, की ती चपापली. उद्या सांगू, असं तिनं पुन्हा म्हटलं. मग पुन्हा. प्रत्येक वेळी ते थोडं कमी खरं वाटत गेलं, आणि नवऱ्याचा हात हातात घेऊन बसलेल्या आशाला त्याच्या दुखण्याची नाही, आक्काची नाही, तर स्वतःचीच भीती वाटू लागली.